सौरचुलीची काच नेमके काय करते?

अपारंपरिक ऊर्जेवरील शिक्षक-प्रशिक्षण वर्गात सौरचूल उन्हात ठेवून झाली, की आम्ही एक प्रश्न विचारतो : वरची काच काय करते? उत्तर बहुधा तयार असते. ऊन काचेतून आत शिरते, काळा पत्रा तापतो. तापलेला पत्रा अवरक्त किरण टाकतो, ते काच बाहेर जाऊ देत नाही, म्हणून उष्णता अडकते. हाच हरितगृह परिणाम!

हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. उष्णता तीन वाटांनी निसटते : वहन, अभिसरण आणि प्रारण. पेटीच्या भिंतींतील उष्णतारोधक थर वहन रोखतो. काच अवरक्त प्रारण अडवते, हे खरेच. पण त्याचबरोबर ती झाकणाचेही काम करते. तापलेली हवा वर निघून जाऊ पाहते, तिला ती कोंडून ठेवते. यांपैकी महत्त्वाचे काम कोणते?

१९०९ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी याचा छडा लावायचे ठरवले. त्यांनी दोन काळ्या पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर सैंधवाची तबकडी. सैंधवातून अवरक्त किरण सहज आरपार जातात. दोन्ही पेट्यांवरचे ऊन आधी काचेतून गाळून घेतले, तेव्हा पेट्या सुमारे ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्या आणि त्यांच्यात जेमतेम एका अंशाचा फरक राहिला. म्हणजे अशा पेटीत हवा कोंडण्याचा वाटा मोठा होता.

सैंधवाची तबकडी शाळेत कोठून आणणार? पातळ, पारदर्शक पॉलिथिन चालते. तेही बरेचसे अवरक्त प्रारण जाऊ देते. बुटांची तीन सारखी खोकी आतून काळी करा. एकावर काच, दुसऱ्यावर पॉलिथिन, तिसरे उघडे ठेवा. तापमापीच्या फुग्यावर थेट ऊन पडू देऊ नका आणि दर दोन मिनिटांनी नोंद घ्या. खोकी कोरडी हवीत. पॉलिथिनच्या आतून दव साचले, तर ते पाणीच अवरक्त किरण अडवते. उघडे खोके बरेच मागे राहते. उरलेल्या दोहोंतला फरक त्या मानाने लहान असतो. खरी सौरचूल याहून खूप तापते. तापमान वाढले की प्रारण झपाट्याने वाढते, म्हणून तेथे प्रारण अडवण्यालाही महत्त्व येते. दुहेरी काचेचा उपयोग येथे कळतो.

मग पृथ्वीचे काय? एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, काचेचे खरे काम झाकणाचे, तर हवामानबदलाची गोष्ट खोटी का?" मुळीच नाही. पृथ्वीभोवती काच नाही आणि पलीकडे हवाही नाही. अवकाशात उष्णता टाकण्याचा तिचा मार्ग एकच, प्रारणाचा. आणि कार्बन डायऑक्साइड, बाष्प हे वायू तोच अडवतात. 'हरितगृह' ही केवळ उपमा आहे. ती ताणली, की वर्गात हवामानशास्त्रावरचाच विश्वास डळमळतो.

म्हणून प्रशिक्षणात आमचा एक नियम असतो. खोकी उन्हात नेण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज कारणासह वहीत लिहायचा. अंदाज चुकला, तर तो खोडायचा नाही. त्याखाली मोजमाप लिहायचे. ज्या शिक्षकाने स्वतःचे उत्तर असे तपासून पाहिले, त्याला विद्यार्थ्याच्या अडचणीच्या प्रश्नाची भीती वाटत नाही.