दंतभरण द्रव्ये, जैवक्रियाशील

दाताची किडलेली पोकळी नुसती न बुजविता दंतिनाशी आयनांची देवाणघेवाण करणारी द्रव्ये. दंतिन हे दंतवल्काखालील, दाताचा बहुतांश भाग व्यापणारे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) होय. वजनाने त्याचा सु. ७०% भाग खनिज, २०% कार्बनी पदार्थ (मुख्यत्वे कोलॅजेन) व १०% पाणी असते. त्यातील सूक्ष्मनलिका दंतगरापर्यंत जातात. म्हणून खोल पोकळीतील भरणाचा परिणाम दंतगरालाही भोगावा लागतो.

पुण्याच्या सदाशिव पेठेत काय किंवा अन्यत्र काय, ‘दातात चांदी भरणे’ म्हणजे पारदमेल ठासून बसविणे असे. त्याचा दंतिनाशी रासायनिक बंध होत नाही. भरण टिकावे म्हणून पोकळी आतून रुंद कोरावी लागे आणि निरोगी दंतिनही खर्ची पडे. ए. डी. विल्सन व बी. ई. केंट यांनी लंडन येथे १९७० च्या सुमारास तयार केलेल्या काच-आयनोमर सिमेंटाने ही अडचण बरीच दूर केली. त्यातील पॉलिॲक्रिलिक अम्लाचे कार्बॉक्सिल गट दंतिनातील कॅल्शियमाशी बद्ध होतात व काचेतून फ्ल्युओराइड सावकाश पाझरते.

कॅल्शियम सिलिकेटाची सिमेंटे याहून अधिक क्रियाशील आहेत. १९९३ मध्ये महमूद तोराबिनेजाद व सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठातून पुढे आणलेले ‘एम्. टी. ए.’ हे घटकांच्या दृष्टीने बांधकामातील पोर्टलंड सिमेंटाचे जवळचे नातलगच म्हणावे लागेल. पाण्याशी संयोग होताच त्यापासून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटते व पीएच मूल्य सु. १२·५ पर्यंत चढते. ही क्षारीयता जंतूंना मारक ठरते. सुटलेले कॅल्शियम ऊतकद्रवातील फॉस्फेटाशी मिळून सांध्यावर व सूक्ष्मनलिकांत ॲपेटाइटासारखे स्फटिक साचवते. शिवाय दंतिनात अडकलेले वाढ-घटक मोकळे होऊन दंतगरातील कोशिका नव्या दंतिनाचा पूल बांधू लागतात. दंतगर उघडा पडला, तरी तो जिवंत व फारसा दूषित नसल्यास ‘रूट कॅनाल’ टळण्याची शक्यता यातूनच निर्माण होते. दंतगर मृत झाल्यावर मात्र हा लाभ मिळत नाही.

एम्. टी. ए. घट्ट होण्यास पावणेतीन तास लागतात व त्यातील बिस्मथ ऑक्साइडामुळे दात काळवंडतो. झिर्कोनियम ऑक्साइड घातलेली नंतरची ट्रायकॅल्शियम सिलिकेट सिमेंटे काही मिनिटांत घट्ट होतात. ‘जैवक्रियाशील’ हे विशेषण जाहिरातींत फार सैलपणे वापरले जाते. प्रयोगशाळेतील द्रवात पृष्ठभागावर स्फटिक साचणे आणि तोंडातील किडलेल्या दंतिनाच्या कोलॅजेनात खनिज पुन्हा बसणे, या दोन भिन्न गोष्टी होत.