अपूच्या डोळ्यांतून: ‘पथेर पांचाली’चा कागदावरून पडद्यावर प्रवास

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या बंगाली कादंबरीत अपू आणि त्याची थोरली बहीण दुर्गा यांनी मिळून आगगाडी पाहिल्याचा प्रसंग नाही. रूळ बघायला म्हणून दोघं चोरून निघतात, वाट चुकतात आणि हिरमुसून घरी परततात. दुर्गा पुढे तापानं जाते, ती गाडी न पाहताच. तरीही आज या कथेचं नुसतं नाव काढलं, की काशगवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावणारी भावंडं आणि धूर सोडत जाणारी गाडी हेच चित्र समोर येतं. सत्यजित राय यांनी १९५५च्या चित्रपटात रचलेला प्रसंग असा पुस्तकाच्या नावावर जमा झाला आहे. साहित्यावरून चित्रपट पुष्कळ निघाले. पण केलेले बदल मूळ लेखकाचेच वाटावेत, हे नवल क्वचितच घडतं.

ही कादंबरी १९२८ साली ‘विचित्रा’ मासिकातून क्रमशः आली आणि १९२९ मध्ये पुस्तकरूपानं निघाली. तिचे तीन भाग आहेत. पहिल्यात घरातल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरूनची कहाणी आहे, दुसऱ्यात निश्चिंदीपूर गावातलं अपू-दुर्गाचं बालपण आणि तिसऱ्यात गाव सोडून काशीला गेलेल्या कुटुंबाची परवड. पूर्वजांची दरोडेखोरी, कुलीन ब्राह्मणांतली बहुपत्नीत्वाची चाल असे कितीतरी जुने धागे त्यात आहेत. कथानक सैल, ओघ संथ आणि पात्रांची ये-जा अखंड.

राय या पुस्तकाकडे वळले ते चित्रकार म्हणून. कलकत्त्याच्या एका जाहिरात कंपनीत नोकरी करत असताना १९४४ साली त्यांच्याकडे सिग्नेट प्रेसचं काम आलं. ‘आम आँटिर भेंपू’, म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी, या नावानं निघणाऱ्या संक्षिप्त बालआवृत्तीसाठी चित्रं काढायची होती. त्यांतली काही चित्रं पुढे दृश्यं होऊन पडद्यावर आली. चित्रपट काढताना रीतसर लिहिलेली पूर्ण पटकथा नव्हतीच. होती ती रेखाटनांची आणि टिपणांची वही. विभूतिभूषण १९५० मध्ये वारले होते. त्यांच्या पत्नीनं चित्रपटाला संमती दिली.

आता खरी अडचण. कादंबरीत निवेदक असतो. पन्नास वर्षांपूर्वी काय झालं, कुणाच्या मनात काय आलं, हे तो दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. पडद्यावर मात्र जे दिसेल तेवढंच खरं. राय यांनी निवेदकाचा आवाज काढून टाकला आणि त्याचं काम अपूच्या डोळ्यांवर सोपवलं. शाळेत जायच्या वयाचा अपू चित्रपटात प्रथम दिसतो तो एका डोळ्यापुरता. तो अंगावर पांघरूण घेऊन झोपलेला असतो. दुर्गा उठवायला येते आणि पांघरुणाच्या भोकातून त्याचा टपोरा डोळा उघडतो. मोठे बदल याच डोळ्यासाठी झाले आहेत.

इंदिर ठाकरून कादंबरीच्या पहिल्या भागातच मरते. अपू तेव्हा तान्हा असतो. त्या मरणाची आठवण त्याला असणं शक्य नाही. राय यांनी तिचं आयुष्य वाढवलं. गाडी पाहून आनंदात परतणारी मुलं बांबूच्या बनातून येतात, तर वाटेत ती गुडघ्यांत मान घालून बसलेली. दुर्गा थट्टेनं तिला हलवते, म्हातारी कलंडते आणि डोकं जमिनीवर आपटतं. चुनीबाला देवी या ऐंशीच्या घरातल्या जुन्या रंगभूमीवरच्या नटीनं हे काम केलं. पहिली आगगाडी आणि पहिलं मरण अपूच्या वाट्याला एकाच दिवशी येतं. पुस्तकात या दोन गोष्टींमध्ये काही वर्षं आणि कितीतरी पानं आहेत.

चोरीच्या प्रसंगाचंही तसंच. कादंबरीत दुर्गावर आधी मण्यांच्या माळेचा आळ येतो, नंतर सोन्याच्या कुंकवाच्या करंड्याचा. तिच्या मृत्यूनंतर अपूला तो करंडा सापडतो आणि तो बांबूच्या झाडीत भिरकावून देतो. राय यांनी दोन्ही चोऱ्या एक केल्या आणि माळ तेवढी ठेवली. गाव सोडायची आवराआवर चालू असताना फळीवरून एक करवंटी खाली पडते आणि तीतून माळ निघते. अपू धावत जाऊन ती तळ्यात फेकतो. पाण्यावरचं शेवाळ क्षणभर फाकतं आणि पुन्हा मिटतं. बहिणीची लाज झाकली गेली, हे सांगायला एकही शब्द लागत नाही.

आगगाडीच्या प्रसंगातही पुस्तकाचा मूळ सल राय यांनी जपला आहे. धावताना दुर्गा ठेचकाळून मागे पडते. भरावापर्यंत पोचतो तो अपू. हाच प्रसंग त्यांनी सर्वांत आधी, २७ ऑक्टोबर १९५२ रोजी पालसिटजवळ चित्रित करायला घेतला. उरलेलं काम करायला आठवड्यानं परतले, तर गुरांनी काशगवत फस्त केलेलं. ते पुन्हा फुलायला पुढचा हंगाम उजाडावा लागला. पैशांचीही ओढाताण होतीच. शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं मदत केली आणि ती रस्ते सुधारणेच्या खात्यावर मांडली!

पडद्यावर न आलेलंही बरंच आहे. पूर्वजांचा इतिहास गेला. महाभारतातल्या कर्णासाठी झुरणारं अपूचं मन जवळजवळ गेलं. काशीचा भाग पुढच्या चित्रपटासाठी राहिला. जिथे शब्दही अपुरे पडले असते, तिथे मात्र चित्रपटानं आपलं हत्यार वापरलं. परगावाहून आलेला अपूचा बाप हरिहर मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो आणि अपूच्या आईचा, सर्वजयाचा, बांध फुटतो. त्या वेळी तिचा आवाज ऐकूच येत नाही. आक्रोशाच्या जागी तारशहनाईचे टिपेचे सूर येतात. रविशंकर यांच्या संगीतातली ही जागा छापील पानावर शक्यच नव्हती.

‘अपराजितो’ हा पुढचा चित्रपट १९५६ चा. विभूतिभूषणांनी त्याच नावाच्या कादंबरीत एक धीट गोष्ट लिहून ठेवली आहे: आई गेल्याचं कळताच अपूला दुःखाच्याही आधी क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. याच नोंदीनं आपल्याला ओढून घेतलं, असं राय यांनी सांगितलं आहे. मायलेकांमधला तो दुरावा त्यांनी पडद्यावर मऊ केला नाही. कलकत्त्याच्या प्रेक्षकांना तो रुचला नाही आणि चित्रपट तिथे चालला नाही. व्हेनिसच्या महोत्सवात १९५७ साली त्यालाच सर्वोच्च ‘सुवर्णसिंह’ पुरस्कार मिळाला.

म्हणजे पहिल्या वेळी प्रसंग बदलले आणि ते मूळचेच वाटले. दुसऱ्या वेळी पुस्तकातली सर्वांत अवघड जागा जपली आणि घरचेच लोक बिथरले. म्हणून रूपांतर जोखताना काय गाळलं, काय घातलं याची यादी करून फारसं हाती लागत नाही. बदललेला प्रसंग आता कोण पाहतंय आणि त्या पाहण्यानं त्या पात्राचं काय होतंय, एवढं तपासलं तरी पुस्तक पडद्यावर किती पोचलं, याचा अंदाज येतो.