उपग्रहाच्या काळात वैमानिकाची परीक्षा कशी?

फलटणपासून सुमारे ३० किलोमीटरवरच्या बारामतीत वैमानिक घडतात. विमान कंपनीत नोकरी हवी, तर त्यांना ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’ लागते.

हे काय असते?
ढगात किंवा धुक्यात बाहेरचे काही दिसत नसताना केवळ उपकरणे पाहून विमान चालवण्याची पात्रता. त्यासाठी उपकरणांवर ४० तासांचा सराव लागतो. त्यातले जास्तीत जास्त २० तास सिम्युलेटरवर चालतात. मग परीक्षकासोबत चाचणी.

बदलतेय काय?
जुनी पद्धत जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवर उभी होती. ‘एनडीबी’ केंद्राकडे विमानातली सुई वळते. ‘व्हीओआर’मुळे आपण केंद्राच्या कोणत्या दिशेला आहोत ते कळते. एनडीबी आता जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत आणि त्यांची जागा उपग्रह घेत आहेत. इस्रो व विमानतळ प्राधिकरणाच्या ‘गगन’ प्रणालीच्या आधारे एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानात किशनगडला उतरले.

मग अडचण कुठे?
उपग्रहाचा सिग्नल क्षीण असतो. तो दाबता येतो किंवा खोटा पाठवता येतो. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर-जम्मू सीमाभागात अशा ४६५ घटनांची नोंद झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. म्हणूनच अमेरिकेनेही व्हीओआर केंद्रे कमी करताना किमान जाळे राखले आहे.

विद्यार्थ्यांनी काय करावे?
दोन्ही पद्धती पक्क्या कराव्यात. पडद्यावरचा नकाशा गेला, तरी सुईवरून वाट काढता आली पाहिजे. मागे बसलेल्या प्रवाशांची सुरक्षितता त्यावरच अवलंबून आहे.