लहान मालक, मोठे दुखणे

मोठ्या कंपनीतला साहेब आजारी पडला की त्याच्या उशाशी कंपनीचे विमाकार्ड असते. इस्पितळाच्या दारात ते दाखवले की दार उघडते. परंतु गिरगावच्या छापखान्यातला बाइंडर, लालबागेत मसाला कुटणारा गडी, दादरच्या खानावळीतला वाढपी, लोअर परळच्या गाळ्यात लेथवर उभा असलेला कारागीर, ह्यांनी आजारी पडायचे ते कोणाच्या भरवशावर? मालकाच्या, असे तुम्ही चटकन म्हणाल. पण वाचकहो, हा मालक तरी कोण? आठ-दहा माणसांचा धनी! गल्ल्यावर स्वतः बसणारा, गडी न आला तर स्वतःच पोते उचलणारा आणि महिनाअखेरीस पगार भागवताना घरच्या डब्यात हात घालणारा. त्याच्या एका माणसाचे मोठे दुखणे निघाले की दोन संसार डळमळतात, एक नोकराचा आणि दुसरा मालकाचा.

गेले काही महिने मी ह्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. गिरगाव ते लालबाग बरीच दुकाने आणि गाळे पालथे घातले, मालकांशी बोललो, नोकरांशीही बोललो. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे मांडतो.

केईएम आहे की!

पहिले उत्तर सगळीकडे एकच मिळाले. लालबागचे एक दुकानदार मला म्हणाले, "अहो, विमा कशाला हवा? केईएम हाकेच्या अंतरावर आहे. टाटा आहे, वाडिया आहे. आमच्या माणसाला आजवर कुठे अडले नाही."

बोलणे खोटे नव्हे. १९२६ सालापासून केईएम रुग्णालयाने परळ-लालबागच्या पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या आहेत. मी त्यांना एवढेच विचारले, "तुमचा माणूस तिथे दीड महिना पडून राहिला, तर त्या दीड महिन्याचा पगार?"

ते क्षणभर थांबले. म्हणाले, "उचल देतो ना आम्ही."

येथेच खरी मेख आहे. उचल म्हणजे कर्ज. दुखण्यातून उठलेला माणूस कामावर येतो तो कर्ज डोक्यावर घेऊनच, आणि पुढचे वर्षभर त्याचा पगार कापला जातो. इस्पितळ औषध देईल, शस्त्रक्रियाही करील, पण बुडालेली मजुरी देणार नाही. गरिबाला आजारापेक्षा ही बुडालेली मजुरीच अधिक मारते.

गिरणीच्या मापाचा अंगरखा

ही गोष्ट काही शहाण्या माणसांनी फार पूर्वीच ओळखली होती. १९४३ साली हिंदुस्थान सरकारने प्रा. बी. पी. अडारकर ह्यांच्याकडे कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. परळच्या चाळीत अनेक वर्षे काढलेल्या ह्या माणसाला कामगाराचे दुखणे म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगायला नको होते. अडारकरांचा अहवाल १९४४ साली आला, स्वतंत्र भारताच्या संसदेने १९४८ साली कायदा केला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे पंडित नेहरूंच्या काळात राज्य कामगार विमा योजना सुरू झाली. मुंबईत ती १९५४ साली आली.

मुंबईने पॅनेल डॉक्टरची पद्धत स्वीकारली. चाळीजवळच दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टराचे नाव यादीत घालायचे आणि कामगाराने त्याच्याकडे जायचे. मोठ्या दुखण्यासाठी परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय, वरळीचे रुग्णालय अशी कामगारांची इस्पितळे उभी राहिली. गिरणगावात ‘ई.एस.आय.’ हा शब्द घरातल्या माणसाच्या नावासारखा रुळला.

हा अंगरखा गिरणीच्या मापाने शिवलेला होता. एका फाटकातून हजारो माणसे आत जात, एका हजेरीपटावर सर्वांची नावे असत, एका कारकुनाने सर्वांची वर्गणी कापली की काम झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यात सुमारे अडीच लाख माणसे उतरली. त्यातील कित्येक पुन्हा साच्यावर उभी राहिलीच नाहीत. नोकरी गेली तशी वर्गणी थांबली, वर्गणी थांबली तसा विमा संपला. त्यांची मुले आज कोठे आहेत? कुरिअरच्या कचेरीत, गाळ्यात, खानावळीत, कपड्यांच्या दुकानात. हजारोंच्या मालकाची जागा आठ-दहांच्या मालकाने घेतली. जुना अंगरखा ह्या नव्या अंगाला बसवायचा कसा, हा आजचा प्रश्न आहे.

महिना पाचशेवीस रुपये

गिरगावातील एका छापखान्याच्या मालकांनी तो बसवला आहे. त्यांच्याकडे बारा माणसे आहेत. मी त्यांना हिशेब विचारला तेव्हा त्यांनी सरळ वहीच पुढे सरकवली.

१ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर आहे पगाराच्या शेकडा चार. त्यात मालकाचे सव्वातीन आणि नोकराचा पाऊण. म्हणजे सोळा हजार पगाराच्या माणसामागे मालकाने ५२० रुपये भरायचे व नोकराचे १२० रुपये कापायचे. बारा माणसे सोळा हजारांची धरली, तर मालकाच्या खिशातून महिन्याला ६,२४० रुपये जातात. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरणा करायचा, उशीर झाला तर व्याज. आपला हिस्सा नोकराच्या पगारातून वळता करून घ्यायला मालकाला कायद्याने मनाई आहे.

ह्याच्या बदल्यात काय मिळते? नोकराला व त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला उपचार मिळतात. वय विचारत नाहीत, जुने दुखणे विचारत नाहीत. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या शेकडा सत्तर रक्कम हातात पडते. क्षयासारख्या ठरावीक चौतीस दीर्घ रोगांत पुढे शेकडा ऐंशी मिळतात, मात्र त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी हवी. बाळंतपणाला सव्वीस आठवडे पूर्ण पगार. कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून संरक्षण.

"आमच्याकडे कटिंग मशीन आहे," मालक म्हणाले. "माणसाचा हात त्याच्याखाली असतो. उद्या देव न करो, पण काही झाले तर नुकसानभरपाई मी कोठून आणणार? ही वर्गणी भरतो म्हणून ती जबाबदारी महामंडळाकडे जाते. मी हा विमा त्यांच्यासाठी घेतला असे लोक म्हणतात. खरे सांगू? निम्मा मी माझ्यासाठीच घेतला."

त्यांच्या एका मशीनमनला क्षय झाला होता. तो कित्येक महिने घरी होता, पण घरची चूल विझली नाही. आज तो पुन्हा मशीनवर आहे आणि त्याच्या डोक्यावर उचल नाही.

रांगा लांब असतात, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात, औषध कधी मिळते तर कधी ‘उद्या या’ म्हणतात, ह्या तक्रारी मी पुष्कळ ऐकल्या, आणि त्या मनगढंत आहेत असे मला वाटत नाही. आणखी एक विचित्र अडचण पगारवाढीची. १ जानेवारी २०१७ पासून पगाराची मर्यादा ठेवली गेली एकवीस हजारांची. वर्षानुवर्षे इमानाने राबलेल्या माणसाला मालकाने खुशीने साडेएकवीस हजार दिले, तर सहामाही संपताच तो योजनेबाहेर! बढतीचे पेढे वाटायचे आणि त्याच तोंडाने विमाकार्ड परत करायचे.

दहावा माणूस

आता दुसरी बाजू. कारखान्याला दहा माणसांची अट आहे. दुकानांसाठी महाराष्ट्रात ती बराच काळ वीस होती. ह्या आकड्यांनी मुंबईत एक नवेच गणित जन्माला घातले. नऊ माणसांवर धंदा थांबवायचा. दहावा हवाच असेल तर त्याला ठेकेदाराचा म्हणायचे, नाहीतर बायकोच्या नावाने दुसरी पेढी काढून सहा इकडे, सहा तिकडे करायचे. मी एका गाळ्यात माणसे मोजली, तेरा भरली. मालक शांतपणे म्हणाले, "हजेरीवर आठच आहेत."

ते पाच जण माझ्याकडे पाहत होते. काय बोलतील बिचारे! आपण कामावर आहोत आणि तरीही नाही, हे त्यांना ठाऊक होते. ठेकेदाराच्या माणसाचीही जबाबदारी अखेर मूळ मालकावरच येते, आणि वर्गणी न भरता अपघात झाला तर महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, हे मात्र मालकांना ठाऊक नव्हते.

२०२० साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता संमत केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिने दुकान असो की कारखाना, दहाचा आकडा सर्वांना एकच केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मालक व बहुसंख्य नोकर राजी असतील तर दहांहून कमी माणसांच्या पेढीलाही योजनेत येण्याची वाट ठेवली. चार गड्यांच्या दुकानालाही आता ‘आम्हाला दार बंद आहे’ असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

बाजारातला विमा

"सरकारी नको, आम्ही बाजारातून घेऊ," असे म्हणणारेही भेटले. सरकारी विमा कंपन्यांचे ‘मेडिक्लेम’ १९८६ पासून आपल्याकडे आहे, आता खासगी कंपन्याही गटविमा विकतात. चांगल्या इस्पितळात खाट मिळते, हे खरे. पण तो विमा ठरलेल्या रकमेपर्यंत इस्पितळाचे बिल भागवतो, बुडालेली मजुरी देत नाही. शिवाय माणसे थोडी असली म्हणजे एकाच्या मोठ्या शस्त्रक्रियेने पुढच्या वर्षीचा हप्ता चढतो.

अमेरिकेने ह्यावर वेगळा तोडगा काढला. तेथील २०१० च्या कायद्याने साधारण पन्नास नोकरांपर्यंतच्या मालकांसाठी सरकारी देखरेखीखाली विम्याचा एक बाजारच मांडला. कंपन्यांच्या योजना शेजारी शेजारी ठेवायच्या, त्यांना कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या लावायच्या आणि मालकाने पारखून घ्यायचे. पंचवीसांहून कमी नोकर असलेल्या व बेताचा पगार देणाऱ्या मालकाला करातही सवलत. तरीही लहान मालकांची तेथे झुंबड उडाली नाही, आणि २०१८ पासून बऱ्याच राज्यांत खरेदी पुन्हा कंपनी किंवा दलालामार्फतच होऊ लागली.

मला ह्यातून एकच गोष्ट दिसते. आठ माणसांचे दुखणे आठ माणसांत वाटले तर प्रत्येकाला जड जाते. आपल्या योजनेत ते तीन कोटींहून अधिक विमाधारकांत वाटले जाते, म्हणून शेकडा चारमध्ये भागते. लहान मालकाला घासाघीस करून जे कधीच मिळाले नसते, ते ह्या मोठ्या संख्येने त्याच्या पदरात टाकले आहे. योजनेच्या खिडक्या सुधारायला हव्यात, मर्यादा वाढायला हवी, आणि त्यासाठी मालक-नोकर दोघांनी मिळून आरडाओरडा करायला हवा. पण आत शिरल्याखेरीज ओरडणार कसे?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री गिरगाव-दादरच्या पेढ्यांवर नव्या वह्यांना हळदकुंकू वाहिले जाते. दुकानदार बंधूंना माझी एवढीच विनंती आहे की, नव्या वहीत नोकरांची नावे लिहाल तेव्हा सगळी लिहा, नऊवर थांबू नका. आणि नोकर बंधुभगिनींनो, बोनसबरोबर मालकांना नम्रपणे एक प्रश्न विचारा, "शेठ, आमचा विमा नंबर काय?" नंबर असेल तर तो दहा आकड्यांचा असतो. तो घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या, कारण तुम्ही खाटेवर पडाल तेव्हा तो शोधायला धावणार आहे ते दुसरेच कोणी.