चौघांच्या गप्पा

केडगाव स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट पाहताना माझ्या कानात आशाताई असतात. साथीला क्रोनोस क्वार्टेट, गाणी आर. डी. बर्मनची, अल्बम २००५ चा.

क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. संगीतकार हायडनने १७८१ मध्ये या चौघांत घरगुती गप्पा रंगवल्या: एकाने बोलायचं, बाकीच्यांनी दाद द्यायची. बार्टोकच्या चौथ्या क्वार्टेटमध्ये (१९२८) तार बोटाने इतकी ओढतात, की सुटताच ती पट्टीवर फाडकन आपटते. १९७० मध्ये जॉर्ज क्रम्बने तर वादकांना ओरडायला आणि काचेचे प्याले वाजवायला लावलं. ते ऐकूनच डेव्हिड हॅरिंग्टनने १९७३ मध्ये क्रोनोस काढलं. मला बार्टोक पटतो. क्रम्ब एका बैठकीत झेपत नाही, खरं सांगतो.

तुम्ही आधी आशाताई ऐका, मग बार्टोक.