फुकटच्या खेळाचं बिल

मंडी हाउस चौकातून इंडिया गेटकडे निघालेला कोपर्निकस मार्ग दिल्लीतल्या मराठी माणसाच्या पायाखालचा. कमानी सभागृह, दूरदर्शन भवन आणि आपलं जुनं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर. गेल्या खेपेला मी सदनात उतरलो होतो, तेव्हा दिल्लीत शिकणारा भाचा भेटायला आला. पोहे समोर आले तरी त्याचं लक्ष मोबाइलमध्येच.

"मामा, हे बघ ना. पाचशे कॉइनचा ड्रेस आहे. पण विकत मिळतात तीनशे नाहीतर सहाशे. मी सहाशे घेतले. आता शंभर उरलेत, आणि शंभरात काहीच येत नाही."

आवाजात चीड होती, आणि ती रास्त होती. गेमचं नाव सांगण्यात अर्थ नाही. फुकटात मिळणाऱ्या अशा बहुतेक खेळांची रचना सारखीच असते. ती एकदा नीट उलगडून पाहिली पाहिजे.

सुरुवात या कॉइनपासून. गेममध्ये वस्तूची किंमत रुपयांत क्वचितच लिहिलेली असते. आधी रुपये देऊन कॉइन, जेम किंवा यूसी असं खेळातलं चलन घ्यायचं आणि मग त्यातून वस्तू. जत्रेत पाळण्यासाठी आधी कूपन घ्यावं लागतं, तसंच. फरक इतकाच की जत्रेत पाळणा किती कूपनांचा आणि कूपन कितीचं, हे एकाच फळीवर लिहिलेलं असतं. इथे पैसे देण्याचा क्षण आणि वस्तू घेण्याचा क्षण वेगळे पडतात. ड्रेस घेताना खिशातून रुपये जात नाहीत, आकडा कमी होतो. शिवाय कॉइनची पाकिटं आणि वस्तूंच्या किमती एकमेकींशी जुळत नाहीत. भाच्याचे ते शंभर कॉइन खात्यात पडून राहतात आणि पुढच्या खरेदीला बोलावत राहतात. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला सर्वांत अन्यायाचा भाग हाच. महाग वस्तू विकणं हा गुन्हा नव्हे, पण किंमत कळू न देणं मला मान्य नाही.

त्यानंतर येतो पास. महिना-दोन महिन्यांचा एक मोसम असतो. पास घेतला म्हणजे बक्षिसं मिळाली असं नाही, ती खेळून कमावण्याची मुभा मिळाली. परीक्षा आल्या, खेळणं राहिलं, मोसम संपला की पासाचे पैसे बुडाले. म्हणून मुलं मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात रात्री जागतात. घरच्यांना वाटतं व्यसन लागलं. पुष्कळदा तो भरलेले पैसे वसूल करण्याचा आटापिटा असतो.

तिसरा प्रकार पेटीचा, म्हणजे क्रेटचा. आत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा काही पेट्या जुगारातच मोडतात असं ठरवलं. ॲपलने २०१७ च्या अखेरीपासून पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे खरेदीपूर्वी दाखवणं विकासकांना बंधनकारक केलं. ती टक्केवारी सहसा कुठल्यातरी लहानशा बटणामागे असते. भाच्याने ती त्या दिवशी प्रथमच उघडून पाहिली आणि बराच वेळ गप्प बसला.

आता आपले शंभर रुपये कुठे जातात ते पाहू. मोबाइलवरच्या ॲपच्या दुकानात दिसणाऱ्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असेल, तर शंभरातले सुमारे सव्वापंधरा रुपये सरकारकडे गेले. उरलेल्या पावणेपंच्याऐंशीवर ॲपच्या दुकानाचं कमिशन. मोठ्या कंपन्यांसाठी त्याचा बरीच वर्षं प्रचलित असलेला दर ३० टक्के, म्हणजे जवळपास साडेपंचवीस रुपये. गेम बनवणाऱ्याच्या हाती एकोणसाठच्या आसपास. ॲपमधले पैसे आपल्याच दुकानाच्या बिलिंगमधून घ्यायला लावण्याच्या सक्तीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अपिलात तो पुढे बराच कमी झाला. पुण्याची सुपरगेमिंग 'इंडस'सारखा बॅटल रॉयाल खेळ बनवते, तेव्हा तिच्यासारख्यांनाही या वाटणीचा हिशेब मांडूनच उतरावं लागतं.

कन्सोलवाल्यांचं दुखणं याहून वेगळं. तिथे यंत्र विकत घेतलं, गेमची डिस्क घेतली, ब्रॉडबँडचं बिल भरलं, तरी मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी लागते. ही प्रथा मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्हने रुजवली. सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर ऑनलाइन खेळणं मोफत होतं. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आलं आणि बहुतेक खेळांसाठी प्लस वर्गणी आवश्यक झाली. निन्टेंडोने २०१८ मध्ये तोच रस्ता धरला. मुळातच मोफत असलेल्या खेळांना प्लेस्टेशनवर ही वर्गणी बहुधा लागत नाही, एक्सबॉक्सनेही २०२१ मध्ये ती अट काढली. म्हणजे पूर्ण किंमत मोजून गेम घेणाऱ्यालाच हा टोल. संगणकावर स्टीमवरून घेतलेला तोच खेळ ऑनलाइन खेळायला स्टीम अशी वर्गणी घेत नाही. सर्व्हरचा खर्च असतो हे खरं, पण कित्येक खेळांचे सर्व्हर गेमची कंपनी स्वतः चालवते आणि वर्गणी मात्र कन्सोलच्या कंपनीकडे जाते. खेळाडूंचा राग इथे आहे आणि मला तो पटतो.

"पण सरकारने हे सगळं बंद केलं ना?" भाच्याने विचारलं. त्याच्या वडिलांचाही हाच समज होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा बडगा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ त्याने वेगळे ठेवले आहेत, आणि करमणुकीच्या खेळाला प्रवेशाची वर्गणी घेता येते. ड्रेसच्या कॉइनना इथे फारसं उत्तर नाही. जवळचा आधार दुसराच आहे: ग्राहकांना फसवणाऱ्या मांडणीविरुद्धची, म्हणजे डार्क पॅटर्नविरुद्धची, ३० नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं. त्यांत १३ प्रकार नोंदले आहेत. सुरुवातीला किंमत कमी दाखवून शेवटी वाढवणं आणि रद्द करता येऊ नये अशा वर्गणीत अडकवणं हे दोन्ही त्यात येतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

वर्गणीबाबत रिझर्व्ह बँकेचा नियमही कामाचा. कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, आणि त्या संदेशातून नकार देण्याची सोय असावी लागते. आपण असे संदेश जाहिराती समजून पुसून टाकतो.

चहा आल्यावर आम्ही भाच्याच्या फोनवर प्ले स्टोअरमधला खरेदीचा इतिहास उघडला. तिथे कॉइन नसतात, रुपये असतात, तारखेनिशी. त्याने कागद घेतला आणि एकेक रक्कम लिहीत गेला. नकळत झालेली खरेदी ४८ तासांच्या आतली असेल तर तिथूनच परताव्याची विनंती करता येते, हेही पाहिलं. त्याच्यातली एकही तितकी ताजी नव्हती. पैसे देताना प्रत्येक वेळी पासवर्ड मागण्याची सेटिंग त्याने चालू केली. शेवटी यादीत एक मासिक वर्गणी निघाली, मार्चमध्ये सोडून दिलेल्या गेमची. ती दर महिन्याला कापली जात होती. त्याने ती रद्द केली आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपोआप पैसे कापण्याची परवानगी, म्हणजे मँडेटही, काढून टाकलं.