वाघिणींच्या वाटा

१ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणी सरकारजमा झाल्या. खाणींबरोबर त्यांची इंजिनं, वाघिणी, कारखाने आणि मैलोगणती खासगी रेल्वेमार्गही नव्या राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे आले. ईशान्य इंग्लंडमधल्या एकट्या डरहॅम परगण्यात तेव्हा शंभराहून अधिक खाणी चालू होत्या. डिसेंबर १९९३ मध्ये संडरलंडची वेअरमथ खाण बंद झाली आणि डरहॅमच्या कोळसापट्ट्यात खोल खाण म्हणून काही उरलं नाही. त्या जागी १९९७ साली फुटबॉलचं मैदान उभं राहिलं. या सत्तेचाळीस वर्षांत खाणींच्या रेल्वे एकेक करून उखडल्या गेल्या. त्याच काळात, आणि त्यानंतरही, त्यांचा शोध घेणारी माणसं तयार होत गेली. रूळ उचलले जात असताना आणि उचलल्यावर त्यांनी जे काम केलं, त्याचा हा मागोवा.

या वाटांचा शोध नेहमीच्या रेल्वेपेक्षा अवघड असतो. नेहमीच्या रेल्वेचं वेळापत्रक छापलं जातं, तिकिटं निघतात, उद्घाटनाच्या बातम्या येतात. खाणीची रेल्वे ही मालकाची खासगी सोय. खाणीच्या तोंडाशी कोळसा भरायचा, नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा, रिकाम्या वाघिणी परत आणायच्या. बहुतेक मार्गांवर प्रवासी कधी बसलाच नाही. मग त्यांची नोंद राहिली कुठे? भाडेकरारांत, कोर्टाच्या दाव्यांत, खाण-अभियंत्यांच्या वह्यांत, आणि वाघिणी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या माणसांच्या बोलण्यात.

अगदी पहिलं उदाहरणच बघा. नॉटिंगहॅमजवळ वूलटनपासून स्ट्रेलीपर्यंत सुमारे दोन मैलांची लाकडी रुळांची वाट हंटिंग्डन बोमंट नावाच्या खाणवाल्याने १६०३-०४ मध्ये टाकली. ती आपल्याला ठाऊक आहे ती मुख्यतः १ ऑक्टोबर १६०४ च्या एका करारामुळे. रुळांवरून कोळसा नेण्याचा उल्लेख त्यात आला नसता, तर ही वाट इतिहासाच्या हाती लागली नसती. बोमंट १६२४ साली कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात वारला. त्याची कल्पना मात्र उत्तरेकडे टाईन नदीच्या खोऱ्यात गेली आणि तिथे फोफावली.

टाईनकाठची लाकडी वाट चालायची अशी. ओकचे किंवा बीचचे रूळ, त्यावर एक घोडा ओढेल अशी वाघीण. न्यूकॅसलच्या मापाने एका वाघिणीत ५३ हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे २.७ टन कोळसा. खाणी उंचावर, नदी खाली. त्यामुळे भरलेली वाघीण उतारावर आपोआप धावे, घोडा सोडवून मागे बांधलेला असे आणि गाडीवान चाकावर टेकणाऱ्या लाकडी दांड्यावर आपलं वजन टाकून वेग आवरत असे. पावसात रूळ निसरडे झाले की हा दांडा पुरत नसे. नदीवर धक्के होते, तिथून छोट्या होड्या आणि पुढे समुद्रावर लंडनची जहाजं. लंडनच्या चुली यावर पेटत होत्या.

या व्यवस्थेतला खरा सत्ताधीश जमिनीचा मालक. खाण तुमची, कोळसा तुमचा. पण नदीपर्यंतची वाट दुसऱ्याच्या शेतातून जाते, आणि त्या वाटेचं भाडं तो मागेल ते. या वाटभाड्यावरून पिढ्यानपिढ्या दावे चालले. मार्ग सरळ असता असता मध्येच विचित्र वळण का घेतो, याचं उत्तर डोंगरात नसतं. ते बहुतेक वेळा एखाद्या न पटलेल्या जमीनदारात असतं. १८३४ साली सुरू झालेली स्टॅनहोप अँड टाईन ही ३४ मैलांची रेल्वे या भाड्याच्या ओझ्याखाली १८४१ मध्ये बुडाली. तिचं तांत्रिक काम बघणाऱ्या रॉबर्ट स्टीफन्सनने मानधनाऐवजी शेअर घेतले होते. त्या काळी भागीदाराची जबाबदारी अमर्याद असायची. युरोपभर नाव झालेला हा अभियंता त्यामुळे दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोचला होता.

टॅनफील्डची वाट १७२५ ची. लिडेल, बोज, वॉर्टली या बड्या खाणमालक घराण्यांनी आपसांतली स्पर्धा थांबवून हातमिळवणी केली होती आणि तिच्यामागे त्यांचा पैसा होता. कॉझी ओढ्यावर त्यांनी रॅल्फ वूड या गवंड्याकडून दगडी कमान बांधून घेतली: १०५ फुटांचा एकच गाळा, ओढ्यापासून सुमारे ८० फूट उंच. पुढची तीस वर्षं ब्रिटनमध्ये एवढ्या लांब गाळ्याचा दुसरा पूल नव्हता. कमानीवरच्या सूर्यघड्याळावर वूडचं नाव आणि १७२७ हे साल कोरलेलं आहे. आधीचा लाकडी पूल कोसळला होता, तसा हाही कोसळेल या धास्तीने वूडने पुलावरून उडी घेतली, असं तिथे सांगतात. या कथेपेक्षा मला त्या दगडावरचं नाव मोलाचं वाटतं. खाणीच्या हजारो कामांपैकी किती कामांवर ते करणाऱ्याचं नाव उरलं? पुढे टॅनफील्डच्या खाणीला आग लागली आणि कमानीवरची वर्दळ आटली. मुख्य वाट मात्र चालू राहिली. १८३९ मध्ये तिथे लोखंडी रूळ आले, आणि १९६४ मध्ये ती बंद झाली. मार्ली हिलची १८५४ ची इंजिनशेड कोळसा मंडळाने १९७० मध्ये सोडल्यावर स्वयंसेवकांनी हाती घेतली आणि तुकड्यातुकड्याने रूळ परत टाकले. १९९२ पर्यंत ते ईस्ट टॅनफील्डला पोचले.

ही स्वयंसेवकांची परंपरा मोठी विलक्षण आहे. १९४९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका इंजिनप्रेमी मंडळाने औद्योगिक इंजिनांच्या नोंदींसाठी वेगळा विभाग काढला; त्यातूनच पुढे इंडस्ट्रियल रेल्वे सोसायटी उभी राहिली. कारकून, शिक्षक, कारखान्यातले फिटर अशी माणसं सुटीच्या दिवशी खाणीच्या फाटकाशी जाऊन परवानगी मागायची आणि इंजिनाचा क्रमांक, बनावट, साल वहीत उतरवायची. लीड्सच्या मिडलटन रेल्वेला १७५८ साली पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली होती. अशा कायद्याने मंजूर झालेली ती पहिलीच रेल्वे. १८१२ मध्ये तिच्यावर दातेरी रुळांवर चालणारी वाफेची इंजिनं आली. तीच रेल्वे जून १९६० मध्ये लीड्स विद्यापीठातले विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक यांनी चालवून दाखवली. गाडी कुठली, तर स्वॉन्झीहून आणलेली एक जुनी दुमजली ट्राम. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिनं गेली. खाणींच्या मार्गांवर ती अजून काही वर्षं धुरत होती, म्हणून कॅमेरेवाल्यांचा लोंढा खाणींकडे वळला. आज त्या काळाची जी छायाचित्रं आपण पाहतो त्यांतली कित्येक या उशिरा आलेल्या लोकांची आहेत.

त्या पिढीचं ऋण मानूनही एक गोष्ट म्हटली पाहिजे. तिला इंजिन दिसलं, बाकीचं उशिरा दिसलं. इंजिन देखणं असतं, त्याला नाव असतं, ते उचलून संग्रहालयात नेता येतं. जॉर्ज स्टीफन्सनने हेटन खाणीसाठी आखलेली आठ मैलांची रेल्वे १८ नोव्हेंबर १८२२ रोजी सुरू झाली. जनावराच्या बळाशिवाय चालावी म्हणून आखलेली ती पहिली रेल्वे. तिची आठवण निघते ती स्टीफन्सनच्या इंजिनांसाठी. पण त्या मार्गाचा मोठा भाग डोंगरावरच्या स्थिर यंत्रांवर आणि दोरांवर चालत होता. १९५९ मध्ये ती बंद झाली तेव्हा दोर गुंडाळून भंगारात गेले. दोर कोण जपणार?

म्हणून बोज रेल्वेचं महत्त्व मला फार वाटतं. तिचा पहिला टप्पा जानेवारी १८२६ मध्ये सुरू झाला, तोही स्टीफन्सनच्याच आखणीने, आणि १८५५ पर्यंत ती डिप्टनच्या खाणींपासून जॅरोच्या धक्क्यापर्यंत पंधरा मैल पसरली. तिच्या उतारांवर भरलेल्या वाघिणींचा संच खाली येताना दोराच्या दुसऱ्या टोकाचा रिकामा संच वर खेचत असे. विहिरीवरचे दोन पोहरे एक खाली, एक वर जातात तसं. जिथे चढाला वजन पुरत नसे तिथे डोंगरमाथ्यावरचं यंत्र ओढी. संच माथ्यावर आला की चालत्या वाघिणीजवळ धावत जाऊन माणसाला दोर सोडवावा लागे. क्षणभर उशीर झाला तर बोटं गेली, पाय गेला, किंवा संच भलत्या दिशेला सुटला. ब्रेकवाला खालचं काही पाहू शकत नसे, त्याला घंटेचे ठोके मोजून ठरवायचं. हे कौशल्य कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मुलगा बापाकडून शिकायचा. १९७४ मध्ये दोरावरची वाहतूक थांबल्यावर स्प्रिंगवेलचा उतार, यंत्रघर आणि कार्यशाळा यांसह एक भाग तिथल्या परगणा परिषदेने विकत घेतला. कॉलिन माउंटफर्ड यांनी या रेल्वेवर आणि डरहॅमच्या खासगी रेल्वेंवर लिहिलेले ग्रंथ पाहिले की कळतं, दप्तरातला कागद आणि कामगाराचं बोलणं एकत्र आलं तर किती काही हाती येतं.

रूळ गेल्यावर शोधकाला जमीन वाचावी लागते. सरकारी सर्वेक्षणाचे १८५० च्या दशकातले सहा इंची नकाशे हा पाया. त्यावर आजचा नकाशा ठेवला की सरळ कुंपणांच्या शेतात एकच कुंपण लांबलचक वळण घेताना दिसतं. तिथून वाट गेली होती. जुन्या भिंतींत दोन भोकं पाडलेला दगड सापडतो. तो रुळाखालचा दगड. भोकांत खुंट्या ठोकून लोखंडी खुर्ची बसवलेली असे. २०१५ पासून इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने विमानातून लेसरने मोजलेली भूपृष्ठाची माहिती सर्वांना खुली केली, आणि झाडीखाली झाकलेले भराव पडद्यावर उमटू लागले. तरी पायाने चालणं सुटत नाही. भराव कुठला आणि पाण्याचा बांध कुठला, हे चढ पायाला जाणवल्यावरच ठरतं: भरलेली वाघीण उतारावर न्यायची असल्यामुळे घोड्याची जुनी वाट सहसा उलटी चढत नाही. न्यूकॅसलच्या खाण-अभियंत्यांच्या संस्थेत (स्थापना १८५२) आणि डरहॅमच्या अभिलेखागारात जॉन बडलसारख्या खाण-अभियंत्यांचे कागद आहेत. मार्ग कुठून गेला हे जमीन सांगते, का गेला हे ते कागद.

२०१३ च्या उन्हाळ्यात न्यूकॅसलच्या वॉकर भागात, नेपच्यून या जुन्या जहाजबांधणी आवारात खोदकाम चालू असताना जमिनीखाली सुमारे पंचवीस मीटर लाकडी वाट निघाली. ती विलिंग्टनची वाट, अठराव्या शतकाच्या अखेरची. ओल्या मातीत लाकूड टिकलं होतं. एका जागी दगडांनी बांधलेला खोलगट भाग होता. त्यात पाणी राहायचं. वाघिणींची लाकडी चाकं तडकू नयेत म्हणून ती भिजवून घेण्याची ही सोय. आणि गेज? चार फूट आठ इंचांच्या जवळपास. जगातल्या निम्म्याहून अधिक रेल्वे ज्या चार फूट साडेआठ इंचांवर धावतात, त्याचं मूळ या घोड्याच्या वाटांत आहे. कुणा शास्त्रज्ञाने ते ठरवलं नाही. टाईनकाठच्या सुतारांनी घडवलेल्या वाघिणी जॉर्ज स्टीफन्सन काम करायचा त्या किलिंगवर्थच्या खाणीवर होत्या, आणि तो पुढे जिथे गेला तिथे ते माप गेलं.

वाटांबरोबर गावंही गेली, हे विसरता कामा नये. १९५१ च्या आराखड्यात डरहॅमच्या प्रशासनाने शंभराहून अधिक खाणगावं 'ड' वर्गात टाकली: इथे नवं काही बांधायचं नाही, गाव हळूहळू संपू द्यायचं. त्यांतली बरीच लोकांच्या चिकाटीने टिकली, काही पुसली गेली. खाण बंद, रेल्वे बंद, मग दुकान, मग शाळा. ज्या माणसाने दोर सोडवताना बोट गमावलं त्याच्याकडे माहिती विचारायला कुणी येईपर्यंत तो गाव सोडून गेलेला असे. म्हणून १९७० नंतर झालेल्या मुलाखतींना आणि खाणीतल्या मृत्यूंची नावं गोळा करणाऱ्या स्थानिकांच्या कामाला मी इंजिनांच्या यादीइतकंच मानतो. खरं तर अधिक.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी एक सरळ धागा आहे. जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा रॉबर्ट ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार अभियंता होता, आणि बोरीबंदर ते ठाणे मार्ग उभा करणारा मुख्य अभियंता जेम्स बर्कली त्याच्याच हाताखाली तयार झालेला. कोळशासाठी टाकलेली रेल्वेही आपल्याकडे आहे. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा फाटा १८७० च्या दशकात सरकारने टाकला तो वरोऱ्याच्या कोळशासाठी. नावच होतं वर्धा कोल स्टेट रेल्वे. १९०६ मध्ये वरोऱ्याची खाण बंद झाली. रूळ मात्र वाचले, कारण त्यांना दुसरं काम मिळालं. पुढे बल्लारशा, आणि १९२९ मध्ये काझीपेटशी जोड; आज दिल्ली-चेन्नईच्या गाड्या त्याच वाटेने जातात. इंग्लंडमध्ये वाट गेली आणि आठवण राहिली. इथे वाट राहिली, आणि ती कशासाठी टाकली होती ते वरोऱ्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. शोधायचं तर चांदा जिल्ह्याचं १९०९ चं गॅझेटियर आहे, रेल्वेचे जुने अहवाल आहेत, आणि जमिनीच्या बंदोबस्ताचे कागद व गावनकाशे आहेत, ज्यांत सरळ धुऱ्यांच्या मध्ये एखादा धुरा वळण घेत असेल.